वय झालं, एवढंच?

(सोलापूर जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



मारहाण, हुंडा, परित्यक्तांचे प्रश्न यांवर आपण सतत बोलतो. आज मला आपल्याच बैठकीत भिंतीला टेकून गप्प बसणाऱ्या म्हाताऱ्या बाईविषयी बोलायचं आहे.

सांगोला, मंगळवेढ्याच्या कोरडवाहू गावांत मी बैठकांना जाते. तिथली तरणी माणसं पुण्याला, नाहीतर ऊसतोडीला गेलेली असतात. घरात उरतात आजी आणि नातवंडं. ‘मी उदास आहे’ असं आजी कधी म्हणत नाही. ती म्हणते, ‘भूक न्हाई, झोप न्हाई, हातापायातलं बळच गेलं.’ घरचे म्हणतात, वय झालं. हळूहळू तीही तेच म्हणू लागते.

पण हा नैराश्याचा आजार असू शकतो. 2017-18 मध्ये झालेल्या ‘लासी’ या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या दर शंभरांत सुमारे आठ जणांत नैराश्याची लक्षणं आढळली. मात्र निदान झालेलं शंभरांत एकाचंही नव्हतं. हे प्रमाण शहरापेक्षा खेड्यात आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त होतं.

असं का? जन्मभर रानात राबली, पण सात-बाऱ्यावर तिचं नाव नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा मुलांच्या बरोबरीची वारस आहे, तरी हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा घेतला जातो. नवरा गेला की घरातला तिचा शब्दही जातो. श्रावणबाळ योजनेचे पैसे 2023 पासून महिना 1500 झाले, पण ते तिच्या हातात राहतात का, हे आपण विचारतो का?

‘सून बघत नाही’ हे सोपं उत्तर आहे. सूनही दिवसभर रोजावर खुरपून दमून येते. दोघींना एकमेकींविरुद्ध उभं करून आपला प्रश्न सुटणार नाही.

मग करायचं काय? आशाताईंच्या तपासणी-पत्रकात दोन प्रश्न आहेत : गेल्या दोन आठवड्यांत कशात गोडी वाटेनाशी झाली का? उदास, निराश वाटलं का? घरच्यांसमोर विचारलं तर उत्तर ‘नाही’च येणार. म्हणून तिला बाजूला घेऊन, तिच्या बोलीत विचारायला हवं. उत्तर ‘होय’ आलं तर तिला सोबत घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. 2022 पासून 14416 हा सरकारी मोफत फोनही आहे. ‘आता जगून काय करू’ असं ती म्हणाली, तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्याच दिवशी मदत मिळवा, तिला एकटी सोडू नका. मानसिक उपचार मिळणं हा 2017 च्या कायद्याने तिचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे.

नुसत्या गोळीने हे दुःख जाणार नाही आणि नुसत्या मोर्चानेही जाणार नाही. उपचार हवेत, जमिनीवर नाव हवं, हातात पैसा हवा आणि बोलायला माणूस हवं. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या गल्लीतल्या एका आजीशी बोलून यायचं. तिचं म्हणणं आपण आधी ऐकू, मग ठराव करू.