कुंपण शेत खाते तेव्हा

मंडळी, भातलावणीनंतर पळस्प्यात कोणाचे सांधे दुखत नाहीत? ते दुखणे विसाव्याने जाते. पण रोज सकाळी तासभर बोटे वळत नाहीत, दोन्ही मनगटे सुजतात, आणि हे दीड-दोन महिने चालते, त्याला आम्ही थकवा म्हणणार नाही. तो आमवात असू शकतो.

रोगजंतूंशी लढायला आपले शरीर रक्तात प्रतिपिंडे तयार करते. आमवातात कुंपणच शेत खाते. ही लढणारी शक्ती आपल्याच सांध्यांवर उठते.

दंडातून थोडे रक्त घेतात. ते गोठले की वर पिवळसर पाणी राहते. प्रयोगशाळेत त्यात ही उलटलेली प्रतिपिंडे शोधतात. एका तपासणीला आर.ए. फॅक्टर म्हणतात, दुसरीला अँटी-सीसीपी.

पण नुसत्या कागदावर जाऊ नका बरं का! धडधाकट म्हाताऱ्याच्या रक्तातही आर.ए. फॅक्टर निघतो. उलट, काही खऱ्या रोग्यांच्या रक्तात काहीच सापडत नाही. म्हणून डॉक्टर आधी सांधे दाबून पाहतात.

हा शहरी रोग नव्हे. पुणे जिल्ह्यात भिगवण गावी 1996 साली डॉक्टरांनी घरोघर पाहणी सुरू केली. मोठ्या माणसांत दर 200 मागे साधारण एकाला आमवात निघाला.

बायकांना तो जास्त होतो. सुनेची बोटे सकाळी वळत नसली, तर तिला कामचुकार म्हणू नका. वाकडी झालेली बोटे मागाहून औषधाने सरळ होत नाहीत. तिला लवकर पनवेलच्या सरकारी दवाखान्यात दाखवा.