परीकथेतील चेटकीण



आम्ही व्यवसायाने वैद्य. साहित्यावर बोलण्याचा आमचा अधिकार तो काय! परंतु काही वर्षांपूर्वी आमच्या नऊ वर्षांच्या कन्येने स्वतः लिहिलेली परीकथा आम्हांस वाचावयास दिली. राणी सोनेरी केसांची, राजपुत्र निळ्या डोळ्यांचा. आमच्या घरच्या रंगाची तेवढी चेटकीण. हे तिला कोणी शिकविले नव्हते. तिने वाचलेली पुस्तकेच तशी होती.

जेथे ड्रॅगन उडतात, तेथे सावळा नायकच अशक्य का ठरावा? उर्सुला ली ग्विन या गोऱ्या लेखिकेने १९६८ साली ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’मध्ये नायक गेड तांबूस-तपकिरी वर्णाचा आणि त्याचा जिवलग मित्र काळा रंगविला. २००४ साली दूरचित्रवाणीवर ती कथा आली, तेव्हा गेड गोरा झाला होता! लेखिकेने त्याचा जाहीर निषेध केला.

एन. के. जेमिसिन या कृष्णवर्णीय लेखिकेच्या कादंबरीत्रयीत भूकंप शमविणारी माणसे आहेत. त्यांच्यावाचून नगरे तगणार नाहीत. तरी कायदा त्यांना माणूस मानीत नाही आणि लोक त्यांना शिवीनेच संबोधतात. वाचताना आम्हांस गावाची वेस राखणारा आणि वेशीबाहेरच राहणारा आमचा येसकर आजा आठवला. या त्रयीच्या तिन्ही भागांना २०१६ ते २०१८ अशी लागोपाठ तीन वर्षे ह्यूगो पुरस्कार मिळाला. असे पूर्वी कोणासही साधले नव्हते.

आपल्याकडे या कामाचा आरंभ महात्मा फुले यांनी केला. बळीला पाताळात घालणारा वामन पुराणात देव ठरला होता. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त ती कथा उलट बाजूने सांगितली आणि दैत्य म्हणून रंगविलेल्या बळीला प्रजाहितदक्ष राजा म्हणून उभे केले. तो ग्रंथ त्यांनी अर्पण केला, तो निग्रोंच्या दास्यमुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. आपण राहतो त्या देशाला!

मुलांनी बाबासाहेबांचे चरित्र वाचावे, परीकथा कशाला, असे काही ज्येष्ठ म्हणतील. चरित्र वाचावेच. परंतु मूल चरित्राकडे पंधराव्या वर्षी वळते. परी आणि राक्षस त्याला पाचव्या वर्षीच भेटतात.

ही पुस्तके आम्ही आज सभागृहातील ग्रंथपेटीत ठेविली आहेत. जेमिसिनबाईंचे लेखन लहानांसाठी नव्हे, एवढी वैद्यकीय सूचना. मोठ्यांनी ती अवश्य घरी न्यावीत. परत मात्र करावीत.