चित्ररेषेतील आई आणि लेकीची नजर

(एका कौटुंबिक स्नेहमेळाव्यात ‘आई आणि मुलगी’ या सत्रात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मघाशी चहाच्या वेळी एक काकू मला म्हणाल्या, “अहो, कार्टूनवर कसलं भाषण करता? ते तर मुलं जेवावीत म्हणून आपण लावून देतो!” काकूंचे म्हणणे अगदी खरे आहे, आणि माझ्या विषयाचे महत्त्वही नेमके त्यातच आहे. मूल आईच्या हातून घास घेते, पण डोळे असतात पडद्यावर. घास भरवते त्याची आई, आणि आई कशी दिसावी हे त्याला सांगतो तो पडदा. त्या पडद्यावरची आई जर जाड असेल, तर तिचे काय केले जाते, आणि तिच्या लेकीने तिच्याकडे कसे पाहावे असे सुचवले जाते, एवढ्याच मुद्द्यावर मी आज बोलणार आहे.

माझी मुलगी अ‍ॅनिमेशनचे शिक्षण घेते. तिने मला एक साधी गोष्ट समजावून सांगितली. नेहमीच्या चित्रपटात नटी आपला देह घेऊन येते, तो जसा असेल तसा कॅमेरा टिपतो. अ‍ॅनिमेशनपटात मात्र समोर असतो कोरा कागद. तिथे पात्राचे पोट आपोआप सुटत नाही, कुणीतरी ते काढलेले असते. हनुवटीखालची दुसरी हनुवटी, चालताना हलणारा दंड, खुर्चीत न मावणारी कंबर, ही प्रत्येक रेषा म्हणजे कुणीतरी विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो. म्हणूनच ‘कार्टूनच ते, त्यात काय एवढे?’ असे म्हणून आपल्याला सुटता येत नाही.

दोन साचे

डिस्नेच्या गाजलेल्या कथा आठवून पाहा. १९३७ ची स्नो व्हाइट, १९५० ची सिंड्रेला, १९८९ च्या ‘द लिटल मर्मेड’मधली एरियल आणि १९९१ च्या ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मधली बेल. या चौघींनाही कथेत आई नाही. लेकीच्या सुखदुःखात आईचा वाटा असतो, हे या कथांना जणू ठाऊकच नव्हते.

जाड स्त्री मात्र या कथांत आहे. तिच्यासाठी ठरलेले दोन साचे आहेत. पहिला साचा प्रेमळ मावशीचा. सिंड्रेलाला भोपळ्याची बग्गी करून देणारी गोलमटोल परी, किंवा ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मधली चहाची किटली झालेली मिसेस पॉट्स. या बायका मायाळू असतात, धीर देतात आणि काम झाले की बाजूला होतात. दुसरा साचा चेटकिणीचा. एरियलकडून तिचा आवाज हिरावून घेणारी अर्सुला आठवा. अवाढव्य देह, कमरेखाली ऑक्टोपसाचे पाय, भडक ओठ. स्त्रीवेषात रंगमंच गाजवणाऱ्या डिव्हाइन या अमेरिकी कलावंतावरून तिचे रूप घेतलेले आहे. प्रसंग तर पाहा! कोवळ्या मुलीसमोर जाड, प्रौढ स्त्री उभी आहे, आणि मुलीला जाळ्यात ओढून समुद्राची सत्ता बळकावणे हाच तिचा हेतू आहे. जाड स्त्री एकतर पदर पसरणारी, नाहीतर गिळणारी. मुलीला ओरडणारी, तिची वेणी घालणारी, कधी चुकणारी, कधी रडणारी चारचौघींसारखी आई होण्याची मुभा तिला नव्हती.

आपल्या घरात या परदेशी राजकन्यांपेक्षा जास्त ओळखीचा आहे तो ‘डोरेमॉन’. २००५ पासून आपल्याकडची मुले तो हिंदीतून पाहत आली आहेत. त्यातल्या जियानची आई आठवते? किराणा दुकान चालवणारी, धिप्पाड, हातात झाडू घेऊन लेकाच्या मागे धावणारी. साऱ्या गल्लीला धाकात ठेवणारा जियान फक्त तिलाच घाबरतो. आपण हसतो, मुलेही हसतात. पण एकट्याने दुकान सांभाळणाऱ्या त्या बाईच्या कष्टांकडे आपले लक्ष जात नाही. तिची लेक जायको, तीही जाड. मुलगी गुणी आहे, चित्रकथा काढते. पण मूळ कथेची सुरुवात काय आहे? डोरेमॉन भविष्यकाळातून येतो, कारण नोबिताचे पुढे सारे वाईट होणार असते. आणि त्या वाईटातली एक मोठी गोष्ट कोणती, तर त्याचे जायकोशी लग्न होणार असते! जाड मुलगी पदरी पडणे हे दुर्दैव, असे पहिल्याच कथेत ठरून जाते. आपल्याकडे मुलगी पाहायला आलेली मंडळी काय म्हणतात, हे मी इथे सांगायला नको.

आरशासमोर

पुढे चित्र थोडे बदलले. २००४ च्या ‘द इन्क्रेडिबल्स’मध्ये हेलन नावाची आई आहे. तिचे शरीर रबरासारखे ताणले जाते. समुद्रावर विमान उद्ध्वस्त होते, तेव्हा ती आपल्या देहाचे हवाईछत्र करून दोन्ही मुलांना खाली आणते, मग त्याच देहाची होडी करून त्यांना किनाऱ्याला लावते. घाबरलेल्या लेकीला, व्हायोलेटला, ती जवळ बसवून धीर देते. आणि त्यानंतर थोड्याच वेळात शत्रूच्या तळात शिरताना तिला एका चकचकीत पृष्ठभागावर स्वतःचे प्रतिबिंब दिसते. रुंदावलेल्या कमरेकडे पाहून ती सुस्कारा सोडते आणि पुढे जाते.

प्रेक्षागृहात त्या क्षणी हशा पिकतो. मला मात्र त्या सुस्काऱ्याने विचारात पाडले. ज्या देहाने आत्ताच लेकरांना बुडताना वाचवले, त्याच देहाची तिला लाज वाटावी? भगिनींनो, आरशासमोरचा हा सुस्कारा आपल्यापैकी कितीजणींच्या ओळखीचा आहे!

हाच सुस्कारा आई नकळत लेकीच्या हवाली करते. २०१० च्या ‘टँगल्ड’मध्ये गोथेल ही स्त्री रपुंझेलला मनोऱ्यात कोंडून ठेवते आणि स्वतःला तिची आई म्हणवते. मुलीने बाहेर पडू नये म्हणून ती तिच्या पायात बेड्या घालत नाही. थट्टेच्या सुरात तिला गबाळी म्हणते, जाड होत चाललीस म्हणते आणि लगेच लाडाने जवळ घेते. मुलगी मनोऱ्यात राहते ती या बोलण्यामुळे. गोथेल खलनायिका आहे म्हणून आपल्याला ते कळते. पण हेच वाक्य आपण घरात प्रेमाने बोलतो, तेव्हा?

लेकीच्या हाती पेन्सिल

मग लेकींच्याच हाती पेन्सिल आली. डोमी शी ही चिनी वंशाची, टोरंटोमध्ये वाढलेली दिग्दर्शिका. तिने २०१८ मध्ये ‘बाओ’ हा जेमतेम आठ मिनिटांचा लघुपट केला आणि २०१९ मध्ये त्याला ऑस्कर मिळाले. त्यातली आई ठेंगणी, गोल, मध्यमवयीन आहे. ती पिठाच्या पारीत सारण भरून, आपण मोदक करतो तसे उकडीचे बाओ करते, आणि त्यातला एक जिवंत होऊन तिचे मूल होतो. त्या आईच्या गोल देहावर एकही विनोद नाही. पडद्यावर दिसते ते तिचे मळणारे, दुमडणारे, भरवणारे हात. पीठ कसे मळावे आणि पारी कशी दुमडावी, हे चित्रकारांना दाखवायला डोमीची स्वतःची आई स्टुडिओत आली होती. आईचा देह लेकीने काढला की रेषा अशी उमटते.

आणि आता ज्या चित्रपटासाठी मी हा विषय निवडला, त्याच्याकडे वळते. ‘फॉर्च्यून फेवर्स लेडी निकुको’ हा २०२१ चा जपानी चित्रपट. कानाको निशी या लेखिकेच्या कादंबरीवरून आयुमु वातानाबे यांनी तो दिग्दर्शित केला. एका लहानशा मासेमारी बंदरात, किनाऱ्याला बांधलेल्या बोटीवर मायलेकी राहतात. आई मांस भाजून देणाऱ्या एका छोट्या खानावळीत राबते. जपानी भाषेत ‘निकु’ म्हणजे मांस. ती जाड आहे आणि मांसाच्या खानावळीत काम करते, म्हणून लोकांनी तिचे नाव पाडले निकुको. तिचे खरे नाव किकुको, आणि गंमत म्हणजे लेकीचे नावही उच्चाराला किकुकोच. एकामागून एक पुरुषांनी आईला फसवले आहे, तरी तिचा माणसांवरचा विश्वास आटलेला नाही. ती मोठ्याने हसते, मोठ्याने घोरते, पोटभर जेवते. अकरा वर्षांची लेक मात्र सडपातळ, देखणी आणि अबोल आहे.

कथा लेक सांगते. आणि इथे मला एक तक्रारही नोंदवायची आहे. पूर्वार्धात हा चित्रपट निकुकोच्या देहावर भरपूर हसतो. लेकीची रेषा नाजूक, खऱ्या मुलीसारखी, तर आई चेंडूसारखी उसळणारी. पाहताना मी अस्वस्थ झाले. लेकीला तसे म्हटले, तर ती म्हणाली, “आई, ही गोष्ट कोण सांगतंय ते बघ ना. अकरा वर्षांच्या मुलीला चारचौघांत आई अशीच दिसते.” मी गप्प झाले. माझी तक्रार पूर्णपणे मिटलेली नाही, पण तिच्या बोलण्यात तथ्य होते.

पुढे किकुकोच्या पोटात दुखू लागते. आईला त्रास नको म्हणून ती कळ सोसत राहते, आणि दुखणे अ‍ॅपेंडिक्सचे निघते. ती इस्पितळात असतानाच आपल्याला कळते की निकुको तिची जन्मदात्री नाही. एका मैत्रिणीने मुलीला जन्म दिला आणि ती निघून गेली. त्या तान्ह्या मुलीला निकुकोने वाढवले. आणि लेकीला हे आधीपासून ठाऊक होते! आपण या घरात हक्काने नाही, म्हणून कुणाला त्रास द्यायचा नाही, हे ओझे ती एवढीशी पोर वाहत होती. जिच्या दिसण्याची लाज वाटत होती, तिनेच आपल्याला निवडले होते, हे तिला उमजते. शेवटी लेक वयात येते, तेव्हा तीच जाड, भाबडी बाई तिचे मनापासून अभिनंदन करते. देखणे रूप आणि रक्ताचे नाते या दोन्ही गोष्टी जिच्यापाशी नाहीत, ती आई म्हणून कुठेही उणी पडत नाही.

कोपऱ्यावरची आई

हे सारे मी तुम्हाला चित्रपट-समीक्षा म्हणून सांगत नाही. तो चित्रपट संपल्यावर मी बराच वेळ उठले नाही, त्याचे कारण वेगळे होते.

माझे शालेय शिक्षण एका तालुक्याच्या गावी झाले. आई रोज मधल्या सुट्टीत गरम डबा घेऊन शाळेच्या फाटकाशी यायची. ती जाड होती, चालताना तिला धाप लागे. मी सहावीत असताना वर्गातल्या एका मुलीने गाल फुगवून तिच्या चालण्याची नक्कल केली आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. संध्याकाळी घरी येऊन मी आईला सांगितले, “उद्यापासून फाटकाशी येऊ नकोस. वह्यांच्या दुकानाच्या कोपऱ्यावर थांब. मी येईन तिथे.”

ती ‘बरं’ म्हणाली. का, हे तिने विचारले नाही. दहावीपर्यंत, पाच वर्षे, ती त्या कोपऱ्यावर उन्हातान्हात उभी राहिली. डबा कधी गार नव्हता.

आई गेली तेव्हा भिंतीवर लावण्यासाठी फोटो शोधू लागलो. घरातल्या अल्बममध्ये तिचा एकटीचा एकही फोटो नव्हता. जिथे होती तिथे कुणाच्या तरी खांद्यामागे उभी होती. अखेर एका लग्नाच्या समूहचित्रातून तिचा चेहरा कापून मोठा करून घेतला. आज आमच्या भिंतीवर जो फोटो आहे, त्यात तिच्या गालाशी कुणाचा तरी खांदा आहे. तो खांदा पाहिला की मला वह्यांच्या दुकानाचा कोपरा आठवतो. मागे उभे राहायला तिला कुणी शिकवले, याचे उत्तर मला ठाऊक आहे.

वजनाचा आरोग्याशी संबंध आहे, हे मी नाकारत नाही. ते डॉक्टरांनी सांगावे आणि आपण ऐकावे. आईला चालायला न्यायचे असेल, तर तिच्या सोबत चालावे. पण काळजी आणि टिंगल यांतला फरक घरातल्या लहान मुलालाही कळतो, आणि तो त्याला कळतो हे आपण विसरतो.

म्हणून जाताना तीन छोट्या गोष्टी मागते. लग्नाकार्यात भेटल्यावर ‘किती सुटलीस गं!’ हे पहिले वाक्य असू नये, विशेषतः तिची लेक शेजारी उभी असताना. मुलांना कार्टून लावून दिले की दहा मिनिटे त्यांच्याजवळ बसावे, आणि एखाद्या जाड बाईवर सारे हसले की मुलाला विचारावे, ती दिवसभर काय काम करत असेल रे? आणि आज घरी गेल्यावर आईचा एकटीचा एक फोटो काढावा. ती ‘माझा कशाला?’ म्हणेल, पदर सावरेल, कुणाच्या तरी मागे सरकेल. तिला हाताला धरून पुढे आणावे.

माझी ती संधी हुकली. तुमच्यापैकी अनेकींच्या हातात ती अजून आहे.