चुना मूलद्रव्य होता तेव्हा

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



तुमच्यापैकी कितीजणांच्या खिशात या क्षणी चुन्याची डबी आहे, हे मी विचारणार नाही. घरची मंडळी शेजारी बसली आहेत. (हशा) पण १७८९ साली पॅरिसमध्ये छापलेल्या एका यादीप्रमाणे चुना हे मूलद्रव्य आहे. डबीतल्या चुन्यात पाणी मुरलेलं असतं, ते सोडा. भट्टीतून नुकता निघालेला कळीचा चुना डोळ्यांपुढे आणा. फ्रेंच रसायनज्ञ अंत्वान लव्हाझिए यांच्या ग्रंथात ३३ साध्या पदार्थांची यादी आहे. तिच्यात ऑक्सिजन आहे, हायड्रोजन आहे, सोनं, गंधक, पारा आहे, आणि त्याच पानावर चुना आहे. प्रकाश आणि उष्णतासुद्धा आहे.

आता चौथी-पाचवीतलं मूलही म्हणेल, काय हा अडाणीपणा! चुना म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, संयुग आहे ते! मी आज इथे उभा आहे तो हे सांगायला, की यादी करणारा माणूस अडाणी नव्हता. त्याच्या जवळ जो पुरावा होता, त्यावर चुन्याला यादीत बसवणं हेच बरोबर होतं. आणि आपलं मूल जे उत्तर धाडकन देतं, ते त्याच्याकडे पुराव्याविना आलेलं आहे. याचं मला फार वाईट वाटतं. मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. पाणी संयुग, ऑक्सिजन मूलद्रव्य, पितळ मिश्रण, अशा जोड्या लावायचा प्रश्न दर वर्षी येतो आणि पैकीच्या पैकी गुण मिळतात. एकदा आठवीच्या वर्गात एका मुलीने उभं राहून विचारलं, ‘सर, पाणी संयुग आणि ऑक्सिजन मूलद्रव्य, हे कशावरून?’ वर्ग हसला. मी म्हटलं, हसू नका, आज आपण एवढंच करू. त्या दिवशी धडा पुढे गेला नाही.

कशावरून? दिसण्यावरून तर नाहीच. पाणी किती शुद्ध, किती एकसारखं दिसतं! हिरा आणि कोळसा एकमेकांपासून किती लांब दिसतात! उत्तर आहे तराजू. पुस्तकात व्याख्या असते, की ज्याचं आणखी साध्या पदार्थांत विघटन होत नाही ते मूलद्रव्य. ही व्याख्या अर्धी आहे. ‘आजवर कोणाला करता आलेलं नाही’ हे शब्द तिच्यातून गळले आहेत. आणि ते ठरवायचं कसं, तर वजन करून. मूलद्रव्यापासून दुसरा कुठलाही पदार्थ करा, त्यात काहीतरी येऊन मिळाल्याखेरीज तो होणारच नाही. म्हणून वजन वाढणारच. ज्याच्यातून काही निघून जाऊन हलका, नवा पदार्थ उरतो, तो संयुग.

चुनखडी घ्या. शंभर ग्रॅम चुनखडी भट्टीत पूर्ण भाजली तर छप्पन्न ग्रॅम चुना उरतो. चव्वेचाळीस ग्रॅम वायू होऊन जातात. स्कॉटलंडमध्ये जोसेफ ब्लॅक यांनी १७५६ साली हे काम प्रसिद्ध केलं. नुसतं हलकं होतं एवढं दाखवून ते थांबले नाहीत, गेलेला वायू परत चुन्यात आणून वजन पुरं भरतं हेही त्यांनी दाखवलं. तेव्हा चुनखडी संयुग, याचा निकाल लागला. मग चुन्याकडे वळा. चुन्यात पाणी घाला, वजन वाढतं. हवेत उघडा ठेवा, वाढतं. आम्लात घालून आटवा, वाढतं. भट्टी कितीही पेटवा, कमी होत नाही. आता सांगा, ज्याच्या हातात फक्त भट्टी आणि तराजू आहे त्याने चुन्याला काय म्हणावं? लव्हाझिएंना स्वतःला संशय होता. हे मातीसारखे पदार्थ पुढे ऑक्सिजनयुक्त धातू निघतील, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. पण संशय वेगळा आणि निकाल वेगळा. यादीत त्यांनी निकाल लिहिला.

याच्या आधीची शंभर वर्षं तर चित्र उलटं होतं. हा शेंदूर पाहा. (बाटली दाखवतात) मारुतीमुळे आपल्या परिचयाचा. शिसं हवेत भाजत राहिलं की आधी मुरदाडशिंग होतं, मग शेंदूर होतो. अठराव्या शतकातले मोठमोठे रसायनज्ञ म्हणत, की शेंदूर हा साधा पदार्थ आणि शिसं हे संयुग, कारण शिशात फ्लॉजिस्टन नावाचं ज्वलनतत्त्व भरलेलं असतं आणि भाजताना ते निघून जातं. म्हणजे भस्म मूळ आणि धातू जोडलेला. सगळं व्यवस्थित जुळत होतं. अडत होतं एकाच ठिकाणी. शंभर ग्रॅम शिशाचा शेंदूर होतो सुमारे एकशे दहा ग्रॅम! काहीतरी निघून गेलं म्हणता आणि जड कसं झालं? वजन वाढतं ही गोष्ट लपलेली नव्हती. बिरिंगुच्चो या इटालियन धातुकाराच्या १५४० सालच्या ग्रंथात तिची नोंद आहे. पाहिलं सगळ्यांनी होतं, पण तराजूचं ऐकायचं असं कोणी ठरवलं नव्हतं. मग लव्हाझिएंनी पारा बारा दिवस हवेत तापवला. लाल भस्म जमलं ४५ ग्रेन. ते जोरात तापवलं तर पारा परत मिळाला साडेएकेचाळीस ग्रेन, आणि बाकीचा वायू. त्या साडेतीन ग्रेननी फ्लॉजिस्टन संपवलं. माझ्या दृष्टीने रसायनशास्त्रातला तो सगळ्यात मोठा साडेतीन आहे. (टाळ्या)

मागून चिठ्ठी आली आहे. ‘आपल्याकडच्या पंचमहाभूतांचा आपण उल्लेखही केला नाहीत. आमच्या पूर्वजांना हे माहीत नव्हतं असं आपलं म्हणणं आहे का?’ नाही, माझं तसं म्हणणं नाही. चिठ्ठी आली ते बरं झालं, मला हे बोलायचंच होतं. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश हा विचार, पदार्थ आपल्या इंद्रियांना कसा जाणवतो, या प्रश्नाचा आहे. माझा आजचा प्रश्न तो नाही. माझ्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर आपल्या रसशाळेत जायला हवं. हिंगूळ लिंबाच्या रसात खलायचा, डमरूयंत्रात, म्हणजे तोंडाला तोंड लावून लिंपलेल्या दोन मडक्यांत, खालून आच द्यायची, वरच्या मडक्याच्या आतून पारा पुसून घ्यायचा. हा हिंगुळोत्थ पारद. आणि उलट बाजूने, पारा आणि गंधक खलून काचकुपीत वाळूच्या उष्णतेवर शिजवला की लाल रससिंदूर. हिंगूळ काय, रससिंदूर काय, दोन्ही पारा-गंधकाचं एकच संयुग. म्हणजे वैद्यांच्या हाताला माहीत होतं की हिंगूळ फुटतो, पारा निघतो, आणि तो पारा गंधकाशी पुन्हा जोडता येतो. विघटन आणि संयोग, दोन्ही! शंभर भाग हिंगुळात छ्याऐंशी भाग पारा असतो. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ पासून या विद्येचा इतिहास दोन खंडांत लिहिला, तो मुळातून वाचावा. मला अभिमान वाटतो तो या हातांचा. आणि म्हणूनच हा अभिमान नुसत्या घोषणेत विरलेला मला चालत नाही. ज्यांच्या पूर्वजांनी हिंगूळ फोडला, त्यांच्या शाळेत आज चालू स्थितीतला एक तराजू असू नये? (टाळ्या)

थोडं पुढे जाऊ. व्होल्टाने १८०० साली विद्युतघट केला आणि भट्टीला जे जमत नव्हतं ते विजेला जमलं. त्याच वर्षी पाणी फुटलं. लंडनमध्ये हम्फ्री डेव्ही यांनी ऑक्टोबर १८०७ मध्ये वितळलेल्या पोटॅशमधून वीज सोडली आणि चांदीसारखे गोळे पेट घेत बाहेर आले. डेव्ही प्रयोगशाळेत नाचले, असं त्यांच्या चुलतभावाने सांगून ठेवलं आहे. पुढच्या वर्षी चुना. चुन्यातून धातू सरळ मिळेना, तेव्हा स्टॉकहोमहून बर्झेलियस यांनी पाऱ्याचा ऋणध्रुव वापरायचं कळवलं. पाऱ्यात विरघळलेला धातू धरला, पारा उडवून टाकला, मागे कॅल्शियम राहिलं. चुना यादीतून उतरला. तराजू खोटा ठरला का? मुळीच नाही. त्याचा निकाल ‘आजवर’ असा होता, आणि ‘आजवर’ त्या दिवशी संपलं.

आता उलटा खटला, आणि हा मला सगळ्यांत आवडतो. नळाच्या पाण्याला ज्याचा वास येतो तो क्लोरीन. स्वीडनमध्ये शेले यांनी १७७४ साली तो प्रथम तयार केला. लव्हाझिएंचं मत होतं की प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच. म्हणून तेव्हा आम्ल समजलं जाणारं क्लोरीन हे ऑक्सिजन आणि एका अज्ञात मूलद्रव्याचं संयुग ठरलं. ते अज्ञात मूलद्रव्य कोणी पाहिलेलं नव्हतं, तरी त्या ३३ जणांच्या यादीत त्याला जागा होती! म्हणजे बघा, ज्या माणसाने साडेतीन ग्रेनचं ऐकलं, त्याच्याच यादीत हे न पाहिलेलं नाव बसलं. डेव्हींनी क्लोरीनमध्ये कोळसा विजेने पांढरा होईपर्यंत तापवला. ऑक्सिजन असता तर कोळशाने तो ओढून घेतला असता. काहीही निघालं नाही. १८१० साली त्यांनी जाहीर केलं, की क्लोरीन फुटत नाही, ते मूलद्रव्य मानलं पाहिजे. फ्रान्समध्ये गे-लुसाक आणि थेनार यांना वर्षभर आधी हाच अनुभव आला होता, पण त्यांनी जुनंच मत पसंत केलं. बर्झेलियस तर जवळजवळ दहा वर्षं मानेनात. मग मानलं. त्यांच्याकडे शिकायला गेलेल्या व्होलर यांनी पुढे सांगितलं आहे, की स्वयंपाकघरात भांडी घासताना ॲना नावाची त्यांची मदतनीस म्हणाली, या भांड्याला त्या ऑक्सिजनवाल्या आम्लाचा वास येतोय. तर बर्झेलियस म्हणाले, ॲना, आता तसं म्हणायचं नाही, क्लोरीन म्हणायचं. (हशा) युरोपातल्या सगळ्यात मोठ्या रसायनज्ञाने मत बदललं आणि स्वयंपाकघरातही ते लागू केलं. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. दहा मिनिटं. मग टायटॅनियमची गोष्ट सोडतो, डिडिमियमची सोडतो, पण युरेनियमची सोडणार नाही. (हशा) बर्लिनचे क्लापरोथ, अतिशय काटेकोर माणूस. १७८९ साली त्यांनी खनिजातून काढलेला पदार्थ कोळशाबरोबर तापवला, काळी, धातूसारखी चमक असलेली पूड मिळाली, आणि त्यांनी नवा धातू जाहीर केला. बावन्न वर्षं सगळ्या जगाने ती पूड मूलद्रव्य मानली. १८४१ साली पॅरिसमध्ये पेलिगो यांनी युरेनियमचं कोरडं क्लोराइड घेतलं, पाण्यात टाकून फोडलं, क्लोरीन किती आणि ‘युरेनियम’ किती ते मोजलं. शंभर भागांचा हिशेब आला सुमारे एकशे दहा! वाण्याकडे शंभराची नोट मोडायला दिली आणि एकशे दहा परत आले, तर आपण खूश होऊन घरी जाऊ. (हशा) पेलिगो घरी गेले नाहीत. जादा दहा आले कुठून? पाण्यातून. ज्याला सगळे धातू म्हणत होते, त्यात ऑक्सिजन होता. क्लोराइड फोडताना तो पाण्यातून येऊन बसत होता. ती पूड म्हणजे ऑक्साइड. मग त्यांनी क्लोराइडवर पोटॅशियमचा प्रयोग केला आणि खरा धातू मिळवला. पोटॅशियम, म्हणजे डेव्हींच्या प्रयोगशाळेतले तेच गोळे. हा सगळा उलगडा दहा जादा भागांनी झाला. वजन जुळलं नाही की उत्तर पुसून जुळवून लिहायची सवय आपण मुलांना लावतो. पेलिगोंनी तसं केलं असतं तर?

पाच मिनिटं. एक रास्त शंका समोरच्या ताईंनी मघाशी हात वर करून विचारली, की मग क्लोरीनसुद्धा अजून ‘आजवर’ याच अटीवर मूलद्रव्य आहे का? उद्या फुटेल? नाही ताई. १९१३ साली हेन्री मोझली यांनी मूलद्रव्यांच्या क्ष-किरणांची वारंवारता मोजली आणि प्रत्येकाला पक्का क्रमांक मिळाला. क्लोरीन सतरा, कॅल्शियम वीस. सोळा आणि अठराच्या मध्ये सतराच, दुसरं काही मावत नाही. ‘आजवर’ तिथे संपलं. मोझली १९१५ साली गॅलिपोलीच्या युद्धात गेले, वय सत्तावीस. त्यांच्यावर खरं तर एक अख्खी संध्याकाळ हवी. पण मुलाला पहिल्या दिवशी क्ष-किरण देता येत नाहीत, तराजू देता येतो. आवर्तसारणी भिंतीवर नंतर टांगा.

आभाराचं भाषण व्हायचं आहे, म्हणून शिक्षक मंडळींसाठी घाईने सांगतो, लिहून घ्या. मॅग्नेशियमची फीत, झाकणाची मूस आणि शतांश ग्रॅमपर्यंतचा तराजू. मूस झाकणासकट तोला, मग फितीची गुंडाळी घालून तोला. तापवताना झाकण अधूनमधून चिमट्याने किंचित उचला, हवा आत गेली पाहिजे, पण पांढरा धूर बाहेर सोडू नका. पेटलेल्या फितीकडे थेट बघू देऊ नका. पूर्ण गार झाल्यावर पुन्हा तोला. तीन भागांचे पाच भाग व्हायला हवेत. ते सहसा जरा कमी भरतात, थोडा धूर निसटतो, थोडा नायट्रोजनही धातूशी जुळतो. मुलांनी जे वजन पाहिलं तेच वहीत लिहायचं, आणि कमी का आलं ते मुलांनीच सांगायचं. टेबलावरची शेंदराची बाटली कृपया कोणी उघडू नये, त्यात शिसं आहे.