जुन्या गाडीला नवें इंजिन

मूर्तिजापूरहून रेल्वेचा एक फाटा यवतमाळकडे ११३ किलोमीटर, तर दुसरा अचलपूरकडे ७६ किलोमीटर जातो. वऱ्हाडचा कापूस मोठ्या लोहमार्गापर्यंत आणण्यासाठीं हे अरुंद रूळ घातले गेले आणि त्यांवरून धावणाऱ्या गाडीला लोक प्रेमानें ‘शकुंतला’ म्हणूं लागले. मँचेस्टर येथें १९२१ सालीं तयार झालेलें वाफेचें इंजिन १९२३ पासून तिच्या सेवेंत होतें. १५ एप्रिल १९९४ रोजीं तें निवृत्त झालें व त्याच्या जागीं डिझेल इंजिन आलें. बाष्पक तापविण्याची दगदग संपली. परंतु गाडीचा वेग मात्र शेवटपर्यंत मंदच राहिला. रूळ तेच होते, पूलही तेच होते. वेगाची मर्यादा इंजिनांत नव्हती, ती वाटेंत होती.

मोटारीच्या बाबतींत हा धडा विशेष उपयोगी आहे. अमरावती-अकोल्याकडील एखाद्या गृहस्थाजवळ चारही चाकांना गति देणारी जुनी सेडान असते. सांगाडा भक्कम, बैठक सुखाची, पण इंजिन थकलेलें. अशा वेळीं टर्बो जातीचें दुसरें इंजिन बसवावें, असा विचार मनांत येणें स्वाभाविक आहे. हा विचार त्याज्य नाहीं. मात्र इंजिन कोणतें घ्यावें हा त्यांतला पहिला प्रश्न नव्हे; गाडीला किती शक्ति सोसेल, हा पहिला प्रश्न होय.

टर्बोची कल्पना जुनी आहे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्यानें १९०५ सालीं तिचें पेटंट घेतलें. इंजिनांतून धुराबरोबर पुष्कळ शक्ति वायां जाते. त्या धुराच्या झोतावर एक लहान चक्र फिरवावें आणि त्याच आंसावरील दुसऱ्या चक्रानें बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्यें भरावी, एवढीच ती युक्ति. हवा अधिक म्हणून इंधन अधिक जळतें, आणि इंधन अधिक म्हणून शक्ति अधिक. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत जर्मन जहाजांवरील १७५० अश्वशक्तीचीं डिझेल इंजिनें या योजनेनें २५०० अश्वशक्ति देऊं लागलीं. पुढें १९८० सालीं आउडी कंपनीनें ‘क्वात्रो’ ही गाडी आणली. तिच्यांत २०० अश्वशक्तीचें टर्बो इंजिन आणि चारही चाकांची गति यांचा संगम होता. पण तेथें इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक व आंस यांचा मेळ कारखान्यांतच घातलेला होता. जुन्या गाडींत तो मेळ मालकाला व मिस्त्रीला घालावा लागतो.

चारही चाकांच्या गाडीची एक अडचण सहसा ध्यानांत येत नाहीं. दोनच चाकांना गति असली म्हणजे शक्ति अतिरिक्त होतांच चाक घसरतें व यंत्रावरील ताण निसटून जातो. चारही चाकें जमिनीला घट्ट धरून असलीं कीं ही सुटका राहत नाहीं. सारा धक्का क्लच, गिअरबॉक्स, शाफ्ट आणि डिफरन्शिअल यांवर येतो. चारही टायर एकाच मापाचे व सारख्याच झिजेचे नसले तर मधल्या डिफरन्शिअलवर सतत ताण राहतो. नव्या इंजिनाला ही जुनी मंडळी किती दिवस साथ देतील, हें आधीं तपासावें.

दुसरी अडचण वऱ्हाडच्या उन्हाची. मे महिन्यांत अकोल्याचा पारा कित्येकदां पंचेचाळिशी ओलांडतो. १५ अंशांवरील हवेच्या मानानें ४५ अंशांवरील हवा सुमारें एक दशांशानें विरळ असते. शिवाय हवा दाबली कीं तापते. वातावरणाच्या दीडपट दाबानें भरलेली ती हवा टर्बोंतून बाहेर पडतांना शंभर अंशांच्या घरांत जाते. ती निवविण्यासाठीं इंटरकूलर हवा, मोठा रेडिएटर हवा, आणि दोहोंमधून वारा मोकळा वाहण्यास बॉनेटखालीं जागाही हवी. हें साधलें नाहीं तर पेट्रोल अवेळीं पेट घेतें, इंजिनांत ठोके पडतात आणि पिस्टन फुटतो. थंड हवेच्या प्रदेशांत यशस्वी झालेली जुळणी येथें तशीच उचलूं नये.

तिसरी गोष्ट कायद्याची, आणि ती सर्वांत आधीं पाहावयाची. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें गाडीचा मूळ तपशील बदलण्यास मनाई आहे. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही तेंच स्पष्ट केलें. थकलेल्या इंजिनाच्या जागीं त्याच जातीचें इंजिन घालावयाचें तरी परिवहन कार्यालयाची अनुमति व नव्या क्रमांकाची नोंद लागते. मग वेगळ्या शक्तीचें इंजिन ही तर फारच पुढची गोष्ट. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर दर पांच वर्षांनीं ती तपासणीनिशीं नवी करावी लागते. पाटीवर एमएच-२७ असो वा एमएच-३०, त्या दिवशीं इंजिन आणि नोंदणीपुस्तक यांची गांठ पडतेच. अपघात घडला तर विमा कंपनीही तेंच पुस्तक उघडते. तेव्हां नुकसान केवळ मालकाचें राहत नाहीं. रस्त्यावरील तिऱ्हाइताच्या भरपाईचाही प्रश्न उभा राहतो.

म्हणून योजनेचा क्रम असा असावा. प्रथम परिवहन कार्यालयांत चौकशी करून लेखी उत्तर घ्यावें. नंतर जुन्या इंजिनाचें कॉम्प्रेशन मोजावें. पुष्कळदां रिंगा, व्हाल्व्ह व गॅस्केट बदलल्यानें तें पुन्हां धडधाकट होतें आणि प्रश्नच मिटतो. तरीही अनुमति असून बदल करावयाचाच असेल, तर आधीं ब्रेक, टायर व थंडाव्याची व्यवस्था सुधारावी. कारखान्यानेंच त्या नमुन्याला टर्बो इंजिन दिलें असेल तर तें गिअरबॉक्स, वायरिंग आणि संगणकासह सबंध घ्यावें. सुटे भाग जमवूं नयेत. खर्चाच्या अंदाजांत या सर्वांचा समावेश करावा. इंजिनाची किंमत हा त्यांतला केवळ एक आंकडा असतो.

ज्याला हा हिशेब पुरा मांडल्यावरही परवडतो, त्यानें पुढें जावें. ज्याला परवडत नाहीं, त्यानें जुनेंच इंजिन नीट दुरुस्त करून घ्यावें. घरच्या माणसांना अमरावतीहून अकोल्यास सुखरूप नेणें हें गाडीचें मुख्य काम, आणि तें करण्याइतकी शक्ति बहुतेक जुन्या इंजिनांत शिल्लक असते.