कात्री आणि लाज



शुक्रवारी अंबाबाईचे दर्शन घेऊन महाद्वारातून बाहेर पडले की फुलवाली विचारते, "ताई, गजरा?" मी नुसती हसते. माझ्या पदराखाली गजरा माळण्याजोगे केस नाहीत, आणि ते माझे मीच कापले आहेत.

वयाच्या पंधराव्या वर्षापासून हा विकार माझ्यामागे आहे. एखादा केस इतरांहून लांब आहे असे बोटांना जाणवते. तो कापला की क्षणभर बरे वाटते. मग शेजारचा लांब वाटू लागतो. भानावर यावे तो पुढ्यात केसांचा ढीग आणि मनात लाज. आजी म्हणाली, "पोरीवर कुणीतरी करणी केलीया." आईने घरातल्या कात्र्या कुलपात ठेवल्या, मी नेलकटर शोधून काढले.

केस उपटण्याच्या अनावर सवयीला फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ हालोपो यांनी 1889 साली 'ट्रायकोटिलोमेनिया' हे नाव दिले. केस कापण्याचा प्रकार त्याहून पुष्कळ विरळा. त्याला 'ट्रायकोटेमनोमेनिया' म्हणतात. भिंगाखाली केसाचे टोक सपाट कापलेले दिसते, मूळ मात्र निरोगी असते. "मूळ निरोगी आहे," हे शब्द डॉक्टरांच्या तोंडून ऐकले आणि मला रडू आवरेना.

आपल्याकडे बाईचे कापलेले केस ही दुःखाची खूण मानली गेली. 1890 साली मुंबईच्या नाभिकांनी, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने, विधवांचे केशवपन करणार नाही असे ठरविले. वस्तऱ्याची सक्ती पुढे संपली. पाहणाऱ्यांची नजर तितकीशी बदलली नाही. त्यात कारण कळले नाही की आपण दोषी शोधू लागतो. 2017 साली उत्तर भारतात वेण्या कापणाऱ्या अदृश्य हाताची अफवा उठली, तेव्हा आग्र्याजवळ एका वृद्धेला चेटकीण समजून लोकांनी ठार मारले.

उपाय करणीच्या उताऱ्यात नाही, सवयीत आहे. अमेरिकेतील एझ्रिन व नन यांनी 1973 साली सवय मोडण्याची एक पद्धत मांडली. हात केसांकडे केव्हा जातो ते टिपायचे, आणि ओढ आली की मूठ मिटून ती ओसरेपर्यंत थांबायचे. मी वहीत टिपू लागले, तेव्हा कळले की माझी वेळ रात्री उत्तरपत्रिका तपासतानाची. आजही महिन्यातून दोन-तीनदा मी हरते. पूर्वी रोज हरत होते.

आई आता कात्री लपवीत नाही. माझा हात डोक्याकडे गेला की ती काही न बोलता भुईमुगाच्या शेंगांची टोपली पुढे सरकवते, आणि आम्ही दोघी सोलत बसतो.

आपल्यापैकी कोणाच्या घरी असे कोणी असेल तर त्याला रागावू नका, देवऋषीकडेही नेऊ नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या; 14416 या टेलि-मानसच्या क्रमांकावरही सल्ला मिळतो. आणि तोवर शेजारी बसा.