ओव्हरमन मॅडम

मी व्याकरणाचा माणूस नाही, कोड लिहितो. गेल्या वर्षी हजेरीच्या एका ॲपमध्ये पदांची यादी भरत होतो. वॉचमन, लाइनमन, फोरमन, ओव्हरमन. शेजारी लिंगाचा रकाना. सोबतच्या सहकारी मुलीने विचारलं, "ओव्हरमन आणि स्त्री, दोन्ही निवडलं तर तुझं ॲप एरर देणार का?" देत नव्हतं. पण प्रश्न डोक्यात राहिला.

आपण चंद्रपूरचे. घुग्घुस, दुर्गापूर, बल्लारपूर, राजुरा... खाणीत गेलेला कुणी ना कुणी प्रत्येकाच्या ओळखीत असतोच. कोळसा खाणीत देखरेखीची दोन पदं नियमांतच आहेत: ओव्हरमन, आणि त्याच्या हाताखाली सरदार. आता गंमत बघा. सरदार हा शब्द फारसीतून आला, आणि फारसीत नामाला लिंगच नसतं. तहसीलदार, फौजदार, हवालदार सगळे त्याच घरचे. ‘तहसीलदार आले’, ‘तहसीलदार आल्या’. फरक क्रियापद दाखवतं, पदाची पाटी बदलावी लागत नाही. क्रिकेटच्या नियमांत इंग्रजी ‘बॅट्समन’चा ‘बॅटर’ व्हायला 2021 उजाडलं. आपण स्मृती मानधनाला त्याआधीही फलंदाजच म्हणत होतो!

पण लगेच हुरळून जाऊ नका. सरदार शब्दात कुठे ‘मन’ होता? तरी भूगर्भातल्या खाणीत बाई सरदार होऊ शकत नव्हती. 1952 च्या खाण कायद्याच्या कलम 46 ने बाईला जमिनीखाली कामाची मनाईच होती. 2019 च्या जानेवारीत केंद्र सरकारने सूट दिली. तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामासाठी सकाळी 6 ते संध्याकाळी 7 या वेळेत बाई खाली उतरू शकेल, तिची लेखी संमती घेऊन, अशी ती सूट होती. म्हणजे अडवलं होतं कायद्याने, शब्दाने नाही.

मग शब्द निरुपद्रवी म्हणायचा? तेही मला पटत नाही. सिरोंचाच्या पलीकडे, तेलंगणात, 2019 साली ज्युनियर लाइनमनची भरती निघाली. बायकांना अर्जच करता येत नव्हता. काही मुली हायकोर्टात गेल्या, परवानगी मिळवली, विजेच्या खांबावर चढायची परीक्षा दिली आणि पास झाल्या. त्यातली बब्बुरी सिरिषा तिथली पहिली लाइनवुमन म्हणून ओळखली जाते. माझा हिशोब साधा आहे: जाहिरातीत ‘मन’ वाचून जी मुलगी मोबाइलवर पुढे सरकली, ती कोर्टात जाणारच नाही. तिची कुठे नोंदही होत नाही.

आपल्या आयटीआयमध्ये ‘ड्राफ्ट्समन सिव्हिल’ शिकणाऱ्या मुली आहेत. मराठीत त्याच ट्रेडला ‘आरेखक’ म्हणतात. बायोडाटा मराठीत असेल तर तेच लिहा, छान शब्द आहे. इंग्रजी अर्जात मात्र सर्टिफिकेटवर आहे तेच नाव टाका, नाहीतर छाननीत अडकाल. हे मी कोड लिहिणारा म्हणून सांगतो. मशीन अक्षरं जुळवतं, हेतू नाही.

आणि सरदारकीच्या सर्टिफिकेटसाठी डीजीएमएसची परीक्षा असते, सोबत प्रथमोपचार आणि गॅस टेस्टिंगची प्रमाणपत्रं लागतात. ज्या मुलींना पात्रतेचे नियम बघायचे आहेत त्यांनी चहानंतर थांबा, लॅपटॉप आणलाय.